लेन बरोबर, तरी डेंजर!

राँग साइडने येणाऱ्या बाइक्स चुकवत रोज ऑफिस गाठता? मग गुरूच्या व्हॅलेट्यूडोला भेटाच. जेमतेम किलोमीटरभराचा हा चंद्र स्कॉट शेपर्ड यांच्या टीमने शोधला. घोषणा झाली २०१८ मध्ये. गुरू स्वतःभोवती ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने हा गुरूला फेरी मारतो, सुमारे दीड वर्षात एक. लोचा असा, की त्याच्या वाटेत येणारे बाहेरचे बरेच चंद्र उलट्या दिशेने धावतात. कधीतरी समोरासमोर टक्कर झाली, तर भुगाच! अशाच जुन्या टकरींतून उरलेला हा तुकडा असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. आणि नाव कुणाचं? रोमन आरोग्यदेवतेचं! सिग्नल पाळणाऱ्यालाही धडक बसते, हे आपल्याला ठाऊक आहेच. तरी मी त्याच्याच बाजूने.