शाळेंतील उपचार आणि पालकांचा अनुभव

मूल चालूं लागलें, बोबडें बोलूं लागलें, कीं घरांत आनंदीआनंद होतो. परंतु ज्या घरीं हा दिवस लांबतो, त्या घरच्या आईबापांची झोंप उडते. शेजारीपाजारी धीर देतात, कोणी नवस सुचवितो, कोणी तेलाचें मालीश सांगतो. आणि पाहतां पाहतां वर्षें निघून जातात. अशा मुलांस शाळेंतच उपचार मिळूं शकतात, ही गोष्ट वरंधसारख्या घाटाखालच्या गांवीं राहणाऱ्या माझ्यासारख्या पालकास फार उशिरां कळली. ती इतरांस वेळेवर कळावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

येथें उपचार म्हणजे औषधाची बाटली नव्हे. ज्याचे हातपाय ताठ किंवा दुबळे आहेत त्यास व्यायामानें चालतें-फिरतें करणें, ही फिजिओथेरपी होय. ज्याची वाणी अडते त्यास उच्चार शिकविणें, ही स्पीच थेरपी. तिसरा प्रकार व्यवसायोपचाराचा. यांतील 'व्यवसाय' म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. बटण लावणें, घांस घेणें, पेन्सिल धरणें हेच मुलाचे व्यवसाय, आणि ते त्यास स्वतः करतां यावेत अशी ही विद्या आहे. चौथें समुपदेशन, म्हणजे मनास आधार देणें. ज्या आपल्या तालुक्यानें २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथील दरड पाहिली, तेथें भय मुलाच्या मनांत किती खोल उतरूं शकतें हें निराळें सांगावयास नको.

ही विद्या आपल्याकडे अगदीं नवी नाहीं. १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत श्रीमती कमलाबाई निंबकर यांनीं व्यवसायोपचाराचें शिक्षण देणारी शाळा काढली. १९८३ सालीं वांद्रें येथें श्रवणदोष असलेल्यांसाठीं अली यावर जंग संस्था स्थापन झाली. परंतु मुंबई आम्हांपासून दूर, आणि पुण्यास जावें तर मध्यें वरंध घाट; पावसाळ्यांत दरडींच्या भीतीनें तो वाहतुकीस वरचेवर बंद होतो. मजुरी बुडवून, मुलास कडेवर घेऊन दर आठवड्यास कोणतें कुटुंब शहर गांठणार? म्हणून उपचारच मुलाच्या शाळेपर्यंत आणावा, हा विचार पुढें आला. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां व शाळेंतील मुलांची एकदां तपासणी करावी, असें ठरलें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस प्रकारचीं दिव्यांगत्वें मान्य केलीं, आणि ज्यांस तीं ठळक प्रमाणांत आहेत अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस जवळच्या शाळेंत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. गांवोगांवच्या शाळांत फिरणारे विशेष शिक्षक आपण पाहतों, ते याच व्यवस्थेचा भाग होत.

आतां अनुभवाची गोष्ट सांगतों. माझ्या मुलीचा उजवा हात जन्मापासून दुबळा. ती सात वर्षांची असतां शाळेच्या तपासणींत तिचें नांव लिहून घेतलें गेलें. तो दिवस आमच्या घरीं सुतकासारखा गेला. "एकदां नांव लागलें कीं जन्माचें लागलें," असें तिच्या आजीचें म्हणणें. मलाही तसेंच वाटलें, आणि मीं कागदावर सही करण्यास चार महिने लाविले. आज त्या चार महिन्यांचा मला पश्चात्ताप होतो. कारण वाढत्या वयाचे दिवस परत मिळत नाहींत. पुढें त्याच कागदांवरून मुलास परीक्षेंत जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्याची वाट मोकळी होते, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें.

उपचार सुरू झाले, तरी पहिलें वर्ष आमचें समाधान झालें नाहीं. तिला नेमकें गणिताच्या तासाला वर्गाबाहेर नेत, त्यामुळें ती बेरीज-वजाबाकींत मागें पडली. शिवाय आंत काय चालतें हें आम्हांस कोणी सांगत नसे, आणि आम्हीही विचारीत नसूं. अखेर तिच्या आईनें धीर करून विशेष शिक्षिकेस विचारिलें. त्या बाई रागावल्या नाहींत. त्यांनीं तास बदलून घेतला, आणि एक साधी वही घातली. शाळेंत काय केलें तें त्यांनीं लिहावें, घरीं काय केलें तें आम्हीं लिहावें.

त्या वहीनें आमचे डोळे उघडले. बाई आठवड्यांतून एकदां येणार. उरलेले सहा दिवस उपचार करणार कोण? घरच्यांनींच! भिजविलेल्या वालांचें बिरडें सोलावयास मुलीस बसवावें, भाकरीच्या पिठाचा गोळा मळूं द्यावा, डाव्या हातास थोडा वेळ पिशवी बांधून उजव्यास काम द्यावें, असें बाईंनीं लिहिलें होतें. शेवटीं एक ओळ होती: "बटणें तिचीं तिला लावूं द्या." ती माझ्यासाठीं होती. शाळेस उशीर नको म्हणून रोज सकाळीं मीच तिचीं बटणें लावीत असें. माझी मायाच तिच्या हाताच्या आड येत होती.

दोन वर्षांनीं एके सकाळीं ती म्हणाली, "बाबा, थांबा, मी लावतें." तीन बटणांस बराच वेळ लागला व त्यांतलें एक चुकलें. हात पूर्ण बरा झाला असें मी म्हणणार नाहीं. तो कदाचित् होणारही नाहीं. उपचारानें चमत्कार होतो असें सांगणाऱ्यापासून पालकांनीं सावध असावें. परंतु जें तिला येत नव्हतें तें येऊं लागलें, आणि "माझ्यानें होत नाहीं" हें वाक्य तिच्या तोंडून गेलें, हा लाभ थोडा नव्हे.

यावरून पालकबंधुभगिनींस माझी विनंति अशी कीं, शंका येतांच मुलास तपासून घ्यावें, लाजेनें लपवूं नये. शाळेंत काय केलें तें विचारावें, आणि घरीं तें रोज थोडें थोडें करावें. विद्यार्थिमित्रांसही एक सांगणें आहे. तुमच्या वर्गांतील एखादें मूल सावकाश बोलत असेल, तर त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका. तें पुरें होईपर्यंत थांबा. हें थांबणेंही एक उपचारच आहे, आणि तो करावयास पदवी लागत नाहीं.