टॅपेटचा आवाज गेला म्हणजे इंजिन बरं झालं असं नाही



बंदीचे 61 दिवस संपत आले. 1 ऑगस्टपासून जेटी परत जागी होणार. जाळी शिवून झाली, रंग मारून झाला. पण इंजिनाचं वरचं कव्हर किती जणांनी उघडून बघितलं? हे विचारायचं कारण आमच्याच डोळ्यांसमोर घडलं आहे.

मागच्या हंगामात एका सभासदाच्या ट्रॉलरचं सहा सिलिंडरचं इंजिन टकटक वाजायला लागलं. तांडेलाने दोनदा सांगितलं. मालक म्हणाले, बंदीत बघू. शेवटी जेटीवरच एकाने कव्हर उघडलं आणि गेज न लावता, हाताच्या अंदाजाने टॅपेटचे स्क्रू आवळून दिले. आवाज गेला. सगळे खूश. आम्हीही तिथेच उभे होतो, आम्हीही "छान झालं" म्हणालो. काही दिवसांनी इंजिन सकाळी लवकर स्टार्ट होईना, धूर वाढला, ओढ कमी झाली. एके दिवशी दुसऱ्या होडीला दोर लावून ट्रॉलर किनाऱ्याला आणावा लागला. हेड उघडलं तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेले. ऐन हंगामात होडी जेटीला बांधून राहिली आणि खलाशांच्या घरी हिस्सा पोचला नाही.

असं का झालं? व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये थोडी फट ठेवावीच लागते, कारण गरम झाल्यावर लोखंड वाढतं. फट जास्त झाली तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टकटक येते. फट अजिबात ठेवली नाही तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. जळता गॅस त्या फटीतून निसटत राहतो. शिवाय बंद असतानाच व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊन थंड होत असतो, तेही थांबतं. मग तो जळतो. म्हणून लक्षात ठेवा, सैल टॅपेट बोंब मारतो, आवळलेला टॅपेट गप्प राहून खर्चात घालतो.

आधी आवाज ओळखा

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे टॅपेटचा आवाज हलका, वरच्या बाजूने आणि इंजिनाच्या निम्म्या तालात येतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाला लावा. कुठल्या सिलिंडरवर जास्त वाजतं ते कळतं. बेल्ट आणि पंख्यापासून मात्र कपडे लांब ठेवा.

पण प्रत्येक टकटक टॅपेटची नसते. एक्झॉस्टचं गॅस्केट फुटलं तरी तसाच आवाज येतो, तिथे काजळीचा काळा डाग दिसतो. इंजेक्टर ठोकत असेल तर मिस्त्री एकेका सिलिंडरचं डिझेल तोडून बघतो. डिझेल तोडल्यावर आवाज गेला तर दोष इंजेक्टरचा किंवा खालच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर बहुतेक टॅपेटचा. हे काम स्वतः करू नका, त्या पाइपमधल्या डिझेलचा दाब कातडी फोडून आत जातो.

मग ऑइल बघा

डिपस्टिक काढा. ऑइल कमी असेल तर रॉकरला पोचत नाही आणि वरचा भाग वाजतो. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. तेव्हा टॅपेटला हात लावू नका, आधी पाणी कुठून येतं ते शोधा.

टॅपेट लावताना

इंजिन पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थंड किंवा गरम असावं. बॅटरी काढून ठेवा, स्टॉप ओढून ठेवा, इंजिन हाताने फिरवा. फायरिंगचा क्रम 1-5-3-6-2-4 असेल तर जोड्या 1-6, 5-2, 3-4 अशा असतात. 6 नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, की 1 नंबरचे टॅपेट लावायचे. मग 2 हलताना 5, 4 हलताना 3, 1 हलताना 6, 5 हलताना 2 आणि 3 हलताना 4.

फीलर गेजची पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. लॉक नट आवळल्यावर परत मोजा, आवळताना फट बदलते. इनलेट आणि एक्झॉस्टची फट बहुतेक इंजिनांत वेगळी असते. शेजारच्या होडीचा आकडा चालणार नाही, आपल्या इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्या.

बरोबर लावूनही आवाज राहिला तर रॉकरचं टोक बघा. तिथे खड्डा पडला असेल तर पाती खड्ड्यावरून जाते आणि खरी फट मोजलेल्यापेक्षा जास्त राहते. पुशरॉड सपाट काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर उड्या मारतो. एकच टॅपेट परत परत सैल होत असेल तर खाली कॅम किंवा फॉलोअर झिजतोय.

मासळी नेणाऱ्या काही पिकअपना हायड्रॉलिक टॅपेट असतात. त्यांची फट लावायची नसते, तिथे ऑइलकडेच बघायचं.

एक वही करा. तारीख, इंजिनाचे तास, कुठला टॅपेट किती लावला, सगळं लिहा. आणि तांडेल म्हणाला की आवाज बदललाय, तर त्याचं त्याच दिवशी ऐका. तो रोज त्या इंजिनाशेजारी झोपतो.

ज्यांच्याकडे फीलर गेज नाही त्यांनी होडी पाण्यात घालण्याआधी सोसायटीत यावं. सर्वांना नव्या हंगामाच्या शुभेच्छा.

— सचिव