स्थौल्यावरील शस्त्रकर्मानंतरचा रुग्ण

केस गळतात, थकवा येतो, मलावष्टंभ आहे, अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रकर्माचा उल्लेख पुष्कळदा स्वतःहून करीत नाही. उदरावर दुर्बिणीच्या शस्त्रकर्माचे लहान व्रण दिसल्यास चिकित्सकाने आवर्जून विचारावे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील शल्यचिकित्सक वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली गॅस्ट्रिक बायपास झालेल्या १४६ मधुमेही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत राहिली होती. विशेष म्हणजे वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, शर्करा खाली येते. बायपासमध्ये अन्न लघ्वंत्राचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. तेथे जीएलपी-१ हा अंतःस्राव अधिक सुटतो व इन्शुलीनचे स्रवण वाढते. स्लीव्ह प्रकारात आमाशयाचा मोठा भाग काढल्याने क्षुधा वाढविणारा घ्रेलीन घटतो. मेदाने मार्ग रुद्ध झालेला वायू कोष्ठात संचरून अग्नी प्रदीप्त करतो, हे चरकाचार्यांचे विवेचन येथे आठवते. घ्रेलीन म्हणजेच तो वायू, असे समीकरण मांडण्याचा मोह मात्र आवरावा.

हा लाभ सर्वांत टिकत नाही. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनमधील प्रदीर्घ अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त आढळले. दहा वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले.

आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा चिकित्सासूत्राचा आहे. अष्टौनिंदितीय अध्यायात स्थूलासाठी गुरु व अपतर्पण, तर कृशासाठी लघु व संतर्पण सांगितले आहे. शस्त्रकर्मानंतरचा रुग्ण दिसायला स्थूल असला तरी मेदाबरोबर त्याचा मांसधातूही क्षीण होत असतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांत त्याला दुसऱ्या सूत्राच्या बाजूने पाहावे. अशा अवस्थेत लेखन व रूक्ष औषधे चालू ठेवणे मला अनुचित वाटते.

औषधी विक्रेत्या बंधूंनीही काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शर्करायुक्त अवलेहाने बायपास झालेल्या रुग्णास घाम, धडधड, भोवळ व अतिसार होऊ शकतो. आसवारिष्टांतील मद्यांश त्याच्या रक्तात शीघ्र व अधिक चढतो. मोठ्या, कठीण वट्या आरंभी गिळविू नयेत. मधुमेहाच्या पूर्वीच्या गोळ्या शल्यचिकित्सकाने कमी केल्या आहेत का, हे पाहिल्याविना प्रमेहघ्न कल्प जोडल्यास शर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. बी-१२, लोह व कॅल्शियम यांची पूरके दीर्घकाल, बहुधा आजन्म, घ्यावयाची असतात; लोहभस्म चालू आहे म्हणून बी-१२ बंद करू नये.

वारंवार छर्दी होत असेल तर केवळ छर्दिघ्न योगावर विसंबू नये. थायमिन झपाट्याने घटते. चालताना झोक जाणे, वस्तू दोन दिसणे, भ्रम होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत शस्त्रकर्माचा उल्लेख ठळक असावा, म्हणजे ग्लुकोजच्या सलाइनपूर्वी थायमिन दिले जाईल.