बीज आधी की झाड? रक्तदाब, मूत्रपिंड आणि धमन्या



रक्तदाबामुळे मूत्रपिंड बिघडतं, की मूत्रपिंड बिघडल्यामुळे रक्तदाब वाढतो? बीजातून झाड आणि झाडातून बीज, याला आपण बीजांकुरन्याय म्हणतो. इथेही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की त्या झिजतात, लघवीतून प्रथिन जाऊ लागतं. गाळण्या घटल्या की मीठ आणि पाणी अंगात साठतं, रक्तवाहिन्या आवळणारी रसायनं वाढतात, आणि दाब आणखी चढतो.

आता धमन्यांकडे बघू. संत्र्याच्या बागेतली नवी रबरी नळी पंपाचा धक्का पचवते. उन्हात कडक झालेली जुनी नळी तो पुढे ढकलते. निरोगी धमनीही प्रत्येक ठोक्याला फुगते आणि पूर्ववत होते. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात फॉस्फरस बाहेर पडत नाही. कॅल्शियमसोबत तो धमनीच्या भिंतीत बसतो, भिंत कडक होते. मग वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. १७०/७० पाहून ‘खालचा तर ठीक आहे’ असं समाधान आपण मानू नये. या आजारात डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार किंवा पक्षाघात गाठतो, असे रुग्ण पुष्कळ असतात.

गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या प्रकृतीच्या नोंदींत १९४० सालचा २२०/११० हा आकडा आहे. आजच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. आपल्याजवळ आहेत, आणि ‘काही त्रास नाही’ म्हणून आपण त्या बंद करतो! त्रास नसणं म्हणजे रोग नसणं नव्हे. हा तर्कातला साधा दोष आहे, पण किंमत मोठी.

बीज आधी की झाड, याचा निकाल लागायची वाट न बघता चक्र कुठेही तोडता येतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या गोळ्या गाळणीच्या आतला दाबही उतरवतात. त्या सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. दिवसाचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं, पापड, ठेचा मोजून. ‘कमी सोडियम’वाल्या मिठात पोटॅशियम असतं, ते या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक आणणं तर टाळाच, विशेषतः मे महिन्याच्या उन्हात.

आणि तपासणी? क्रिएटिनिन उशिरा बोलतं, लघवीतलं अल्ब्युमिन बहुधा आधी. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन्ही करून घ्यावं. दाब मोजताना ५ मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, बोलू नका. आकडा वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.