पॅकेज किती ते कळलं, पण राहणीमान कसं मोजायचं?

ज्यांना कानात हेडफोन घालून तासभर ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागात बोललेलंच थोडं आवरून-सावरून इथं देतोय.

प्रश्न अकोल्याच्या एका काकांचा आहे. त्यांच्या भाषेतच सांगतो : "भाऊ, पोट्ट्याले अमेरिकेतबी ॲडमिशन भेटली अन् जर्मनीतबी. लोक म्हणतात अमेरिकेत पैसा जास्त, जर्मनीत जीवन चांगलं. म्हंजे नेमकं काय चांगलं? दोन एकर वावर गहाण टाकाचं हाय, म्हणून इचारतो."

बघा, हा प्रश्न काही फक्त काकांचा नाही. अमरावतीत कॅम्पात घ्या, अकोल्यात जठारपेठेत घ्या, प्रत्येक गल्लीत एक तरी घर असं आहे की पोरगी टेक्सासला, भाचा म्युनिकला, आणि आईबाप इकडे व्हिडिओ कॉलवर. लग्न जुळवतानासुद्धा "मुलगा कुठे आहे" याच्या मागोमाग "पॅकेज किती" येतं. पॅकेजच्या आकड्याला चालू भावानं गुणलं की रुपये निघतात, आणि आपली तुलना संपते. खरं तर ती तिथं सुरू व्हायला पाहिजे.

आधी मोठा आकडा घेऊ. देशाचं एकूण उत्पादन भागिले लोकसंख्या, म्हणजे दरडोई जीडीपी. २०२४ साली अमेरिकेचा हा आकडा साधारण ८५ हजार डॉलर, जर्मनीचा ५५ हजारांच्या आसपास, जपानचा तर ३३ हजारांच्या घरात. यावरून जपान गरीब वाटतो. पण जपानी माणूस सरासरी ८४ वर्षं जगतो, आणि अमेरिकन माणूस २०२३ च्या आकड्यानुसार ७८ च्या थोडं वर. आता यात श्रीमंत कोण?

पहिली गडबड चलनाची. राजकमल चौकात कटिंग करायला जे पैसे लागतात, तेवढ्यात पुण्यात डेक्कनला खुर्चीवर बसूही देणार नाहीत. कटिंग तीच, केस तेच. देशादेशांतही हेच होतं. म्हणून जागतिक बँक वगैरे संस्था किमती गोळा करतात आणि 'क्रयशक्ती'च्या हिशेबानं आकडे दुरुस्त करतात. एका डॉलरमध्ये अमेरिकेत जेवढं सामान येतं, तेवढं भारतात साधारण २० ते २२ रुपयांत येतं, बाजारातला डॉलरचा भाव काहीही असो. हीच दुरुस्ती केली की जर्मनीचा आकडा ७० हजारांच्या वर जातो आणि जपानचा ५० हजारांच्या पुढे. अमेरिका पुढेच राहते, पण अंतर बरंच आटतं. येन घसरला म्हणून टोकियोतला माणूस एका रात्रीत उपाशी राहत नाही, एवढंच यातून समजून घ्यायचं.

दुसरी गडबड सरासरीची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. सरासरीनं आपल्या वऱ्हाडाला एकदा चांगलंच फसवलेलं आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे, त्यातही वऱ्हाडाकडे पाहिलं. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला-बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. अमरावती आणि खामगावचे कापूसबाजार देशभर नावाजले गेले. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते काही उगाच नाही. पण त्याच वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, आणि जनगणना काय सांगते? १८९१ साली प्रांतात सुमारे २९ लाख लोक होते, १९०१ साली साडेसत्तावीस लाख. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली, आणि तीही सोन्याच्या मुलखात. ज्वारीच्या वावरात कापूस गेला होता, शेतसारा रोकडा भरायचा होता, सावकाराचं व्याज चालू होतं. गाठी मात्र स्टेशनवर वेळेवर पोचत होत्या. पैसा वऱ्हाडातून *जात होता*, वऱ्हाडात *राहत नव्हता*.

आता तुम्ही म्हणाल, याचा आजच्या श्रीमंत देशांशी काय संबंध? आयर्लंड बघा. २०१५ साली आयर्लंडची अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे २५-२६ टक्के वाढल्याचं जाहीर झालं. मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांनी कर वाचवायला आपली मालमत्ता आणि नफा कागदोपत्री तिथं नेला होता. डब्लिनच्या बसड्रायव्हरचा पगार काही चौथ्या हिश्श्यानं वाढला नाही. शेवटी आयर्लंडच्या सांख्यिकी खात्यानंच वेगळं 'सुधारित राष्ट्रीय उत्पन्न' काढायला सुरुवात केली, कारण जीडीपी हसण्यावारी गेला होता. म्हणजे गाठ इथून गेली म्हणून सोनं इथलं, हा घोळ दीडशे वर्षांनी युरोपातही होतोच आहे.

अमेरिकेत सरासरी वेगळ्या तऱ्हेनं चकवते. २०२३ च्या आकड्यानुसार तिथं प्रत्येक प्रौढ माणसामागची सरासरी संपत्ती साडेपाच लाख डॉलरच्या आसपास निघते. पण सगळ्यांना रांगेत उभं करून बरोबर मधल्या माणसाचा खिसा बघितला, तर सव्वा लाखाच्या आत. ऑस्ट्रेलियात सरासरी जवळपास तेवढीच, पण मधल्या माणसाकडे अमेरिकेतल्या मधल्या माणसाच्या दुप्पट. मेळघाट आणि अमरावती शहर एकाच जिल्ह्यात आहेत. जिल्ह्याची सरासरी काढून धारणीच्या बाळाचं वजन कळत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

बरं, आता काकांच्या दोन देशांकडे येऊ. पगारातून काय कापतात आणि कापलेल्याचं पुढे काय होतं, ते बघितलं पाहिजे. सरासरी पगाराच्या एकट्या माणसाला जर्मनीत कर आणि विमा मिळून ३७-३८ टक्के सोडावे लागतात, अमेरिकेत २४-२५ टक्के. इथं आपली मंडळी म्हणतात, "अमेरिकाच बरी बाप्पा!" थांबा. जर्मनीच्या कापलेल्या पैशात दवाखान्याचा विमा आला, पेन्शन आली, नोकरी गेली तर भत्ता आला. अमेरिकेत दवाखान्याचा हिशेब वेगळा सुरू होतो. २०२४ साली नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता सरासरी २५ हजार डॉलरच्या वर होता. त्यातला मोठा वाटा कंपनी भरते, सहा-सव्वासहा हजार माणसाच्या पगारातून जातात. वर 'डिडक्टिबल' असतं, म्हणजे अमुक रकमेपर्यंतचं बिल आधी आपण भरायचं, मग विमा जागा होतो. अमेरिका आरोग्यावर आपल्या उत्पन्नाच्या १७ टक्क्यांच्या आसपास खर्च करते, जर्मनी १२. आणि आयुष्य जर्मनीत जास्त.

तसंच वेळेचं. अमेरिकेत माणूस वर्षाला सरासरी १८०० तास काम करतो, जर्मनीत साधारण १३४०. फरक साडेचारशे तासांचा, म्हणजे आठ तासांचे पंचावन्नहून जास्त दिवस. यातला काही भाग जर्मनीत अर्धवेळ काम करणाऱ्यांचा आहे, विशेषतः बायकांचा, आणि तो सगळाच काही हौसेचा नसतो. हेही सांगितलं पाहिजे. पण कायदा बघा : जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाची किमान २० दिवस पगारी रजा द्यावीच लागते. अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानं एक दिवसही नाही. कंपनी देईल ती. बाळंतपणाचंही तसंच. तिथल्या १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. जर्मनीत बाळंतपणाची १४ आठवड्यांची पगारी रजा, आणि त्यानंतर आईबापांना वाटून घेता येईल असा भत्ता.

एवढं ऐकून जर्मनी स्वर्ग वाटायला लागला असेल, तर जरा दम धरा. रविवारी दुकानं बंद, स्पेशालिस्ट डॉक्टरची तारीख महिन्यांनी, म्युनिकमध्ये भाड्याची खोली शोधणं म्हणजे वेगळीच तपश्चर्या, आणि भाषा आली नाही तर माणूस ऑफिसच्या बाहेर मुका. पगार वाढतो तोही बैलगाडीच्या चालीनं. अमेरिकेत घरं मोठी, संधी मोठी, आणि भारतीय कुटुंबांचं उत्पन्न तिथल्या सगळ्या समूहांत वरच्या रांगेत. एक गोष्ट तर फार कमी लोक सांगतात : अमेरिकेचं आयुर्मान खाली ओढलं जातं ते नशेच्या गोळ्या, बंदुका, गाड्यांचे अपघात, लठ्ठपणा यांच्यामुळे. ते सगळ्या समाजांत सारखं वाटलेलं नाही. आशियाई वंशाच्या अमेरिकनांचं आयुर्मान ८४ च्या वर आहे. म्हणजे काकांचा पोट्टा सरासरी अमेरिकन असणार नाही.

मग तो कोण असणार? कर्ज डोक्यावर घेऊन गेलेला, व्हिसावर राहणारा माणूस. म्हणून देशाची सरासरी सोडून त्याच्या जागी उभं राहून बघा. सगळं नीट चाललं तर अमेरिका पुढे, यात मला शंका नाही. पण गाडी मध्येच बंद पडली तर? एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाही तर सामान बांधायचं. मुळात तो व्हिसा लॉटरीनं लागतो. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. जर्मनीत शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि ब्लू कार्डवर बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमचं राहण्याचा परवाना मागता येतो.

सुरुवातीच्या खर्चात तर फार फरक आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्याला सहामाहीला १५०० युरो लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही फी सुरू केली आहे. खात्यात मात्र वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी अडकवून दाखवावे लागतात; ते पोरालाच महिन्या-महिन्यानं परत मिळतात. अमेरिकेत दोन वर्षांच्या एमएसचा खर्च राहण्या-खाण्यासकट चाळीस-पन्नास लाख सहज होतो, पुढेही जातो.

तर काका, माझं मत विचारलं म्हणून सांगतो. घरी दुसरा आधार असता, किंवा पोट्ट्याला तिकडून स्कॉलरशिप असती, तर मी अमेरिकेला नाही म्हटलं नसतं. पण वावर गहाण टाकून जायचं असेल, तर जिथं पडला तरी माणूस उठून उभा राहतो तो देश घ्या. कारण हप्ता थकला तर बँक जर्मनीत नाही, बार्शीटाकळीत येते.

आणि आईबापांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. अमेरिकेत मुलगा नागरिक झाला की आईवडिलांना कायमचं बोलावता येतं, पण नागरिक व्हायलाच अर्धं आयुष्य जातं. जर्मनीत नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षांनी करता येतो, मात्र म्हाताऱ्या आईबापांना कायमचं नेणं तिथं सोपं नाही आणि त्यांचा दवाखान्याचा विमा महाग पडतो. म्हणजे दोन्हीकडे वर्षातून एकदा बडनेऱ्याला गाडी पकडून मुंबई विमानतळ गाठणं आलंच. जर्मनी ठरली तर पोट्ट्याला एवढं सांगा, व्हिसाची फाइल लावायच्या आधी भाषेचा क्लास लाव. तिथं जाऊन शिकू म्हणणारे बरेच जण पहिल्या वर्षी ए-वनच्या पुढं सरकत नाहीत.