मुलाखतीत ‘मी’ म्हणायला शिकू या

गटात आपण सगळं ‘आम्ही’ म्हणून बोलतो. आम्ही बचत केली, आम्ही कर्ज फेडलं. सवय चांगलीच आहे. पण नोकरीच्या मुलाखतीत ती कशी आड येते, ते आज सांगायचंय.

आमच्या ओळखीच्या एक ताई बँक सखीच्या मुलाखतीला गेल्या. प्रश्न आला, “गटात वाद झाला तेव्हा तुम्ही काय केलं?” ताई म्हणाल्या, “सगळ्यांनी मिळून मिटवला.” आणि गप्प बसल्या. निवड दुसरीची झाली. दोन्ही घरी चकरा मारून तो वाद ताईंनीच मिटवला होता, हे आम्हाला ठाऊक. समोरच्यांना कसं कळणार?

बँक सखी असो, कृषी सखी असो की नांदेड-लातुरातलं दुकान, दवाखाना. “असा एखादा प्रसंग सांगा” हे विचारतातच. “तुम्ही प्रामाणिक आहात का?” असं विचारलं तर कुणीही ‘हो’ म्हणेल. मागचा प्रसंग विचारला, की माणूस अडचणीत कसा वागतो ते कळतं.

उत्तराचे चार भाग करा. प्रसंग काय होता? माझी जबाबदारी काय होती? मी काय केलं? शेवटी काय झालं? तिसऱ्या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. समजा, असं सांगता येईल: “काढणीला पाऊस आला, सोयाबीन भिजलं. १२ पैकी ४ जणींचे अंतर्गत कर्जाचे हप्ते थकले. मी गटाची सचिव होते. मी चौघींच्या घरी गेले, अडचण ऐकली, बैठकीत हप्ता लहान करायचा विषय मांडला, ठराव लिहिला. ३ महिन्यांत हप्ते सुरळीत झाले.” दीड-दोन मिनिटांत एवढं पुरतं.

कुणी म्हणेल, आम्हाला कुठं अनुभव? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. लोकांना समजावणं, अडचणी वरपर्यंत पोचवणं, हेच त्यांचं काम. आपणही गटात तेच करतो. बैठकीची वही काढा; तारीख, आकडे सगळं तिच्यात आहे. वाद, चूक, अवघड माणूस, कमी वेळ आणि नवीन शिकलेलं काम, असे ५ प्रसंग निवडा.

“तुमची चूक सांगा” म्हटलं, तर “मी चुकतच नाही” म्हणू नका. हिशेबात बेरीज चुकली असेल तर तसं सांगा. मग ती कशी सापडली, बैठकीत कशी कबूल केली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, तेही सांगा. रचलेला प्रसंग मात्र सांगू नका. दोन उलट प्रश्न आले की तो उघडा पडतो.

‘मी’ म्हणताना जीभ अडखळते, गटाचं श्रेय लाटल्यासारखं वाटतं. तसं नाही. गटानं केलं ते गटाचं म्हणून सांगा, आपण केलं ते आपलं म्हणून सांगा.

पुढच्या बैठकीनंतर तिघी जणी थांबा. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. तिसरीनं नुसतं मोजायचं, ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ किती वेळा आलं.