या आठवड्यात किती झालं?

जानेवारीत ‘यंदा ५२ पुस्तकं’ असं जाहीर करणारा माणूस आता प्रत्येकाच्या ओळखीत असतो. ५२ हा आकडा त्याच्या वाचनातून आलेला नसतो, तो भिंतीवरच्या कॅलेंडरातून येतो. वर्षात आठवडे ५२, म्हणून पुस्तकंही ५२. मग दर रविवारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हजेरी लागते: अमुक संपलं, तमुक सुरू केलं, एकूण इतकी झाली. सोबत मुखपृष्ठाचा फोटो. मार्च उजाडला की मुलांच्या परीक्षा, कचेरीतली वर्षअखेर, मागोमाग लग्नसराई. हजेरी पातळ होत जाते आणि मे महिन्यात ग्रुपवर फक्त ‘सुप्रभात’ उरतं.

या सगळ्याची टिंगल करणं सोपं आहे. ‘वाचन ही काय जाहीर करायची गोष्ट आहे?’ असं म्हणणारे ज्येष्ठ वाचक प्रत्येक ग्रंथालयात भेटतात. पण दर आठवड्याला चार माणसांना हिशोब देण्याची पद्धत मला तरी योग्य वाटते. गडबड होते ती हिशोबात काय मांडायचं यावर.

आधी पद्धतीबद्दल. ठरवलेलं काम कुठवर आलं, हे तपासत राहिल्याने ते तडीस जायला मदत होते का, या प्रश्नावर ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली १३८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. त्या अभ्यासांत मिळून जवळपास २० हजार माणसं होती. मदत होते, असं उत्तर आलं. तपासणी कागदावर नोंदवली किंवा इतरांसमोर मांडली, तर परिणाम आणखी ठळक दिसला. पुस्तकं हा त्या अभ्यासांचा मुख्य विषय नव्हता, पण माणसाचा आळस विषय बदलला म्हणून बदलत नाही.

याच्या उलट दिशेचा वाटावा असा एक प्रयोगही प्रसिद्ध आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून ‘आपण अभ्यासात किती झोकून देणार’ हे लिहून घेतलं. काहींचं लिहिलेलं कुणीतरी वाचून त्याची दखल घेतली, काहींचं कुणी पाहिलंच नाही. नंतर प्रत्यक्ष खटल्यांची उदाहरणं सोडवायला बसवलं तेव्हा दखल घेतली गेलेल्यांनी कमी वेळ दिला. चारचौघांत इरादा बोलून दाखवला की आपण अर्धेअधिक वकील झालोच, असं मनाला वाटू लागतं, हा त्यामागचा तर्क.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की विसंगती उरत नाही. जानेवारीतला संकल्प ही पुढच्या काळाची भाषा असते. ‘वाह, क्या बात है’ असे अंगठे पडतात आणि त्यातच निम्मं समाधान मिळून जातं. रविवारचा हिशोब झालेल्या कामाचा असतो, त्यात फुशारकीला जागा कमी. मला विचाराल तर संकल्प स्वतःपाशी ठेवावा आणि हिशोब मात्र जरूर सांगावा. आपल्याकडे नेमकं उलट घडतं.

शेफील्डच्याच थॉमस वेब यांनी आणखी एका खोडीकडे लक्ष वेधलंय. प्रगती वाईट चालली असेल तेव्हा माणूस ती पाहायचंच टाळतो. शहामृग वाळूत तोंड खुपसतो या समजुतीवरून त्यांनी या खोडीला शहामृगाचंच नाव दिलं. खरा शहामृग तसं करत नाही, पण ग्रुपमधला वाचक हमखास करतो. ज्या आठवड्यात काहीच वाचून झालं नाही त्या रविवारी तो गप्प बसतो, पुढच्या रविवारी संकोचाने गप्प बसतो, आणि तिसऱ्या रविवारी ग्रुप म्यूट करतो. साप्ताहिक हिशोबाचा खरा उपयोग अशाच आठवड्यात असतो. ‘या आठवड्यात शून्य, घरात पाहुणे होते’ हे एक वाक्य लिहिणारा माणूस डिसेंबरपर्यंत टिकण्याची शक्यता मला जास्त वाटते. आठवडा हे माप त्यासाठी सोयीचंही आहे. मंगळवार-बुधवारी पडलेला खड्डा शनिवारी भरून निघू शकतो, आणि महिनाभर दुर्लक्ष होईल इतकी मोकळीकही मिळत नाही.

आता मोजायचं काय? गुडरीड्स हे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झालं, २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं. त्यावर २०११ पासून दरवर्षी रीडिंग चॅलेंज असतं. वर्षाचा आकडा तुम्ही द्यायचा, मग ती यंत्रणा तो वर्षभर सारखा वाटून ‘तुम्ही वेळापत्रकाच्या तीन पुस्तकं मागे आहात’ असं सांगत राहते. एकक आहे संपलेलं पुस्तक. या एककाचा पहिला परिणाम म्हणजे सप्टेंबरनंतर सडपातळ पुस्तकांना बरे दिवस येतात. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ आणि व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ ही मराठीतली दोन अव्वल पुस्तकं, दोन्ही लहान चणीची. ती या निमित्ताने वाचली गेली तर आनंदच आहे. पण त्याच वेळी नेमाड्यांची सहाशेच्या घरात पानं असलेली ‘हिंदू’ कपाटात राहते, कारण तक्त्यात तिचाही एकच आकडा धरला जाणार.

यादीतल्या ओळी सारख्या उंचीच्या असतात, ही यादीची मूळ मर्यादा. चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० अशी बावीस वर्षं वाचनाच्या वह्या ठेवल्या. वाचायची पुस्तकं एकीकडे, वाचून झालेली दुसरीकडे. नुसतं चाळलेलं पुस्तक असेल तर तसा प्रामाणिक शेराही. त्याच यादीत ऑक्टोबर १८३८ मध्ये माल्थसच्या लोकसंख्येवरच्या निबंधाची नोंद आहे. नैसर्गिक निवडीच्या कल्पनेला चालना याच वाचनाने मिळाली, असं डार्विनने पुढे आत्मचरित्रात सांगितलं. वहीत मात्र माल्थसला मिळाली तेवढीच जागा, जेवढी इतरांना. डार्विनचं एक बरं होतं, आठवड्याला आकडा विचारणारं त्याला कुणी नव्हतं.

पुस्तक हे एकक चालत नसेल तर पान चालेल का? इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोप याला वाचण्यापुरता नव्हे, लिहिण्यापुरता हाच प्रश्न पडला होता. नवं पुस्तक लिहायला घेतलं की तो एक रोजनिशी आखायचा, आठवड्यांत विभागलेली. प्रत्येक दिवशी किती पानं झाली ते त्यात लिहायचं. सरासरी आठवड्याला ४० पानं, कधी २०, एकदा तर ११२. पण पान म्हणजे नेमकं किती? ते अघळपघळ होऊ नये म्हणून त्याने एका पानाचे २५० शब्द ठरवले आणि शब्द मोजत लिहिलं. हे सगळं त्याने आत्मचरित्रात सांगून टाकलं. ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं, आणि प्रतिभेला कारकुनी हिशोबात बसवणाऱ्या लेखकावर रसिक मंडळी बरीच नाराज झाली. त्याच्या कादंबऱ्या लोक अजूनही वाचतात.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार आधी झालेला आहे, फक्त त्याला कुणी चॅलेंज म्हटलं नाही. पारायण म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेला ग्रंथ पुरा करणं, तेही गावाच्या किंवा घराच्या साक्षीने. सप्ताहात ज्ञानेश्वरी सात दिवसांत होते, आणि मांडवातल्या प्रत्येकाला आज वाचन कुठवर आलंय हे ठाऊक असतं. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा. बाराव्या अध्यायात ओव्या अडीचशेच्या आसपास, अठराव्यात अठराशेच्या वर. अठराला सातने भागून दिवस ठरवणाऱ्याची शेवटच्या दिवशी काय गत होईल, हे सांगायला नको.

गुरुचरित्राच्या सप्ताहाची एक रूढ वाटणी बघा. पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी ५३ अध्याय पूर्ण. म्हणजे दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी अवघे तीन. ही वाटणी करणाऱ्याने अध्यायांची लांबी आणि बसणाऱ्याची ताकद दोन्ही पाहिलेली दिसतात. पाचव्या दिवशी तीनच अध्याय वाचणारा माणूस ‘वेळापत्रकाच्या मागे’ नसतो. सॉफ्टवेअरने सारखे तुकडे पाडलेल्या वर्षात ही समज नाही. आपल्या वर्षात मार्च हलका ठेवावा लागतो, मे महिन्याच्या सुटीत किंवा लांबच्या रेल्वेप्रवासात भरपूर उरकतं, आणि गणपतीच्या दहा दिवसांत घरचं माणूस पुस्तक घेऊन बसलं तर त्याला आरतीचं ताट धरायला बोलावतात. वर्षाच्या सुरुवातीलाच आठवड्यांचे आकडे कमी-जास्त धरले तर निम्म्या लोकांची मे महिन्यातली गळती थांबेल, असा माझा अंदाज आहे.

हिशोबासाठी थोडं गणित. प्रौढ माणूस इंग्रजीतलं ललितेतर गद्य मनात वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतो, असं मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियन संशोधकाने २०१९ मध्ये १९० अभ्यास तपासून मांडलं. त्याआधी सर्रास ३००चा आकडा सांगितला जायचा. तीनशे पानांचं पुस्तक, पानाला अडीचशे शब्द, तर सव्वापाच तास लागतील. म्हणजे आठवड्याला एक पुस्तक करायचं तर रोज पाऊण तास. हा आकडा मराठीला तसाच लावता येणार नाही, आपले प्रत्यय शब्दालाच चिकटत जातात आणि एकेक शब्द लांबतो. त्यापेक्षा घड्याळ लावून हातातल्या पुस्तकाची दहा पानं वाचावीत. वीस मिनिटं लागली तर रोजच्या चाळीस मिनिटांत वीस पानं होतात, महिन्याला सहाशे, वर्षाला तीनशे पानांची चोवीस पुस्तकं. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला चोवीस पुस्तकं काही थोडी नव्हेत.

शाळकरी मुलांच्या वाचन-आव्हानांबद्दल मात्र मी जरा साशंक आहे. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या सुमारास काही ठिकाणी सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला प्रमाणपत्र देण्याची टूम निघते. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग आयोजकांनी वाचायला हवा. ज्या मुलांना चित्रं काढायची आवड होती, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं आणि दिलंही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रांकडे निम्माच वेळ वळवला. न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड टिकून होती. मुलांनी दर आठवड्याला वाचलेलं वर्गात सांगावं, त्यावर भांडावंही. आकडा फळ्यावर लिहू नये.

मोठ्यांच्या रविवारच्या हिशोबातही आकड्यापेक्षा मजकूर असावा. किती पानं झाली हे एका ओळीत संपतं. पुढे, कुठे अडलो, काय खटकलं, कुठलं प्रकरण घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटलं, हे यावं. सोडून दिलेलं पुस्तक तर आवर्जून यावं. दीडशे पानं वाचून एखादी कादंबरी बंद करणारा वाचक तक्त्यात शून्य ठरतो. पण का बंद केली ते त्याने चार ओळींत लिहिलं, तर ग्रुपमधल्या दहा जणांचा वेळ वाचतो आणि दोन जण ईर्षेने तीच कादंबरी उघडतात.

आणि दिवाळी अंकांचं काय? का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या वर्षातले चार-सहा आठवडे या अंकांच्या नावे जमा आहेत. जाडजूड अंक, त्यात कथा, दीर्घ लेख, कविता, मुलाखती, आणि मधूनमधून मसाल्यांच्या नि बँकांच्या जाहिराती. परदेशी चॅलेंजच्या चौकटीत याला घर नाही. मी तरी वाचलेला प्रत्येक दीर्घ लेख पानांनिशी धरतो. भविष्य धरत नाही, तेवढं सगळेच वाचतात.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’चा हिशोब याहून अवघड आहे. १९५६ सालचं हे पुस्तक मराठी महिन्यांवरच्या लेखांचं, बारा महिन्यांचे बारा. दोन बैठकांत संपवून रविवारी फोटो टाकता येतो. पण चैत्रावरचा लेख चैत्रात, वैशाखावरचा वैशाखात असं वाचायचं ठरवलं, तर त्याच्यापुढे ‘चालू’ हा शेरा गुढीपाडव्यापासून शिमग्यापर्यंत राहील. असं पुस्तक घेणाऱ्याने बाजूला दुसरंही एखादं ठेवावं, नाहीतर ग्रुपवाले वर्षभर विचारत राहतील.